चौथा वेढा

आत्याचं वजन चव्वेचाळीस किलो. हा आकडा तिनं साठीपर्यंत स्वतःजवळ ठेवला होता. पण पत्र्याचे डबे बनवणाऱ्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकाऱ्यानं तिला माल तोलायच्या काट्यावर उभं केलं आणि आकडा दहा माणसांसमोर मोठ्यानं वाचला. तेव्हापासून तो जगजाहीर झाला.

“चव्वेचाळीस,” अधिकारी म्हणाला. तिशीतला मुलगा, डोक्यावर पांढरं हेल्मेट, हातात फॉर्म. “आणि यंत्र?”

“सव्वादोन टन,” मुकादम म्हणाला.

“म्हणजे सव्वादोन टनांचं यंत्र वरच्या मजल्यावरून उतारानं खाली सोडायचं, आणि ते धरून ठेवणार या मावशी.”

“मी नाही धरत,” आत्या काट्यावरून उतरत म्हणाली. “खांब धरतो. मी त्याला धरायला लावते.”

अवजड यंत्रं एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवणारी ही पाच जणांची टोळी. मुकादम आत्याचा सख्खा भाचा. कामावर ती त्याला मुकादम म्हणायची आणि घरी बोक्या, आणि ही दोन नावं तिनं एकमेकांत कधी मिसळू दिली नव्हती. बाकी तिघांची तिच्याशी काडीची सोयरीक नव्हती, तरी तेही तिला आत्याच म्हणत. त्यातला एक फळ्या टाकण्यात पटाईत, म्हणून तो फळीवाला. उरलेले दोघे पहारी घेऊन यंत्राला मागून रेटायचे आणि जेवायच्या सुट्टीत आपण काय काय रेटलं याच्या बढाया मारायचे.

काम कसं चालायचं ते एकदाच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं सगळं जादूटोण्यासारखं वाटेल. वरच्या मजल्याच्या भिंतीत माल चढवण्याउतरवण्याचं मोठं दार असतं. त्या दारापासून खालच्या अंगणापर्यंत लोखंडी तुळया तिरप्या टाकायच्या, त्यांवर जाड फळ्या, फळ्यांवर कपडे धुण्याचा साबण ओला करून चोळायचा. यंत्र त्यावरून घसरत खाली जातं. घसरू दिलं तर अंगणही फोडून जाईल, म्हणून त्याच्या कमरेला दोर बांधायचा, तो आत घेऊन मजल्यावरच्या एखाद्या भक्कम खांबाभोवती गुंडाळायचा आणि शेपूट एकानं हातात धरायचं. ते शेपूट गेली चव्वेचाळीस वर्षं आत्याच्या हातात होतं. तिचं वजन आणि तिची नोकरी यांचा आकडा एकच निघाला, हा निव्वळ योगायोग. त्यावरून पहारवाल्यांनी पुढे महिनाभर विनोद केले.

खांबाला एक वेढा दिला की दोर खांबाला घासतो, आणि त्या घासण्यात ओझ्याचे पाचातले चार हिस्से खांबच खाऊन टाकतो. उरलेल्या एका हिश्शातले चार हिस्से दुसरा वेढा खातो. उतारावर साबण लावलेला असला की सव्वादोन टनांतले साधारण नऊशे किलो दोरावर येतात. पहिल्या वेढ्यानंतर उरले एकशे ऐंशी, दुसऱ्यानंतर छत्तीस, तिसऱ्यानंतर सात. सात किलो म्हणजे पाऊण बादली पाणी. ते धरायला पैलवान कशाला हवा? पैलवान तर नकोच, कारण पैलवान ओढतो. इथं ओढायचं नसतं. दोर थोडा सैल सोडला की यंत्र उतरतं, जरा ताणला की थांबतं. किती सैल, किती ताण, एवढंच काम. खाली सरकायला मदत करणारं आणि वर धरून ठेवणारं, दोन्ही एकाच घर्षणाचे खेळ. खाली त्याला मारायचं, वर त्याला जागं ठेवायचं. आत्याच्या वडिलांचं वाक्य होतं: सरकायचं तिथं साबण, धरायचं तिथं राख. दोर गुळगुळीत झाला की वडील खरंच खांबाला मूठभर राख चोळायचे.

आत्या सोळा वर्षांची असताना एकदा टोळीतला शेपूट धरणारा आजारी पडला. वडिलांनी तिला डबा घेऊन बोलावलं होतं. डबा खाली ठेवायला लावला आणि दोराचं टोक तिच्या हातात दिलं. “धर. ओढू नकोस, नुसतं धर.” त्या दिवशी तिनं पिठाच्या चक्कीचा दगड खाली उतरवला आणि घरी येऊन आईला म्हणाली, उद्यापासून डबा दादा आणेल. वडील गेल्यावर टोळी दादाच्या, म्हणजे मुकादमाच्या वडिलांच्या, नावावर झाली, कारण तो मुलगा होता. हात आत्याचा होता, हे दादालाही माहीत होतं, पण ते बोलायची पद्धत त्यांच्या घरात नव्हती. लग्नाचं दोघांनी विचारलं. एकानं विचारलं की दोर सोडशील का. दुसऱ्यानं काही विचारलं नाही, म्हणून त्याच्याविषयी थोडा विचार केला, पण तो दुसऱ्या गावी राहायचा आणि तिथं टोळी नव्हती. एकूण प्रकरण तिथंच संपलं आणि आत्यानं त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही.

तर कारखान्यात अधिकाऱ्याला हे पटेना. आत्यानं त्याला खांबापाशी नेलं. ओतीव लोखंडाचा खांब, ऑइल पेंट दिलेला, आणि वर्षानुवर्षं कामगारांनी पाठ टेकून टेकून कमरेएवढ्या उंचीवर चकचकीत केलेला. तिनं त्यावरून तळहात फिरवला, मान हलवली, आपला काथ्याचा दोर तीनदा गुंडाळला आणि शेपूट अधिकाऱ्याच्या हातात दिलं.

“दोन बोटांत धरा. मूठ नको, पेन धरता तसं.”

“आणि?”

“आणि उभे राहा.” मग ती टोळीकडे वळली. “ओढा रे चौघं. सासुरवाडीचं जेवण जेवून आल्यासारखं ओढा.”

चौघांनी ओढलं. पहारवाल्यांची तोंडं लाल झाली. दोर खांबावर कुरकुरला, पण जागचा हलला नाही. अधिकारी एकदा स्वतःच्या दोन बोटांकडे, एकदा चौघांकडे बघत राहिला. चेहऱ्यावरचं हसू दाबायला त्याला फॉर्म वर धरावा लागला.

पण फॉर्म वर धरला तशी त्यावरची ओळ दिसली. “दोराचं प्रमाणपत्र?”

“काथ्याच्या दोराला कुठलं प्रमाणपत्र?” मुकादम म्हणाला.

“मग हा दोर चालणार नाही. बाकी मला मान्य आहे. दोर आमचा वापरा.” त्यानं गोदामातून नवा नायलॉनचा दोर आणवला. पांढराशुभ्र, मनगटाएवढा जाड, टोकाला शिक्का मारलेला बिल्ला. आत्यानं तो हातात घेतला. पाण्यातून काढलेल्या माशासारखा तो हातातून निसटला.

“गुळगुळीत आहे,” फळीवाला म्हणाला.

खरं तर तेवढंच ऐकून तिनं गप्प बसायला हवं होतं. पण वजन जगजाहीर झालेलं, चव्वेचाळीस वर्षांचा दोर एका बिल्ल्यापायी नापास झालेला. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. “दोर कुठलाही द्या,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “पळसाला पानं तीनच, आणि माझे वेढे तीनच.”

काम दुसऱ्या दिवशी सकाळचं ठरलं. परतताना ट्रक मुकादमच चालवत होता. सिग्नलला ट्रक थांबला तेव्हा म्हणाला, “आत्या, एक सांगू?”

“नको म्हटलं तर थांबणार आहेस का.”

“प्रत्येक ठिकाणी हल्ली हेच. वजन करा, प्रयोग करून दाखवा, समजावून सांगा. मी विंच बघून ठेवलाय. बटण दाबलं की दोर सुटतो, बटण सोडलं की थांबतो. उद्या काम सुरळीत झालं तर प्रश्न नाही. पण उद्या जरा जरी काही कमीजास्त झालं, तर मी तो घेणार. मग तू घरी बस. खूप केलंस.”

आत्यानं खिडकीबाहेर बघितलं. घरी बसणं ही गोष्ट तिनं कधी करून बघितलेली नव्हती, आणि या वयात नवं काही शिकायचंच असेल तर ते हे नव्हतं.

“सिग्नल सुटला,” ती म्हणाली.

घरी सूनबाई, म्हणजे मुकादमाची बायको, स्वयंपाकघराच्या टेबलावर परीक्षेचे पेपर तपासत बसली होती. ती तंत्रनिकेतनात यंत्रशास्त्र शिकवायची. तिचं आणि आत्याचं चांगलं जमायचं. जमायचं म्हणजे दोघी रोज भांडायच्या आणि एकमेकींशिवाय जेवायला बसायच्या नाहीत. मुकादमानं आल्या आल्या दोराची हकिगत सांगितली, पळसाच्या पानांसकट. सूनबाईनं लाल पेन बंद केलं.

“आत्याबाई, नायलॉनवर तीन वेढे?”

“तीन.”

“आणि खांब पेंट दिलेला.”

“तुझा नवरा सांगतोय ना सगळं. मला कशाला विचारतेस.”

सूनबाई उठली. बाल्कनीतली कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी सोडून आणली, आत्याच्या पेटीतून काथ्याची दोरी काढली, बादलीत दहा लिटर पाणी मोजून भरलं. बाल्कनीच्या कठड्याच्या लोखंडी दांड्याला काथ्याचा एकच वेढा देऊन बादली लटकवली आणि शेपटाला सामान तोलायचा स्प्रिंगचा काटा अडकवला. बादली हळूहळू खाली जात असताना काटा दोनवर होता. मग तसंच नायलॉननं केलं. काटा चारवर.

“दोन आणि चार,” आत्या म्हणाली. “फरक किती, तर दोनाचा. त्यासाठी कपडे खाली काढलेस?”

“एका वेढ्याला दुप्पट,” सूनबाई म्हणाली. ती वर्गात बोलायची तसं बोलत होती, बोट वर करून. “दुसऱ्या वेढ्याला चौपट. तिसऱ्याला आठपट. काथ्यावर सात किलो हातात येत होते, तिथं नायलॉनवर अठ्ठावन्न येतील. तुमचं वजन किती?”

“ते जगजाहीर आहे.”

“मग अठ्ठावन्न किलो ओढणार आणि चव्वेचाळीस किलो धरणार. पाच वेढे घ्या. पाच घेतले की नऊवर येतं.”

आत्यानं बादलीकडे बघितलं, काट्याकडे बघितलं. तिला हिशेब समजला नव्हता असं नाही. तो तिच्या हातांना चव्वेचाळीस वर्षं पाठ होता, फक्त आकड्यांत नव्हता. पण दहा माणसांसमोर तीन म्हणून बसली होती. उद्या तिथं जाऊन पाच म्हणायचं?

“ही कपड्यांची दोरी आहे,” ती म्हणाली. “तो मनगटाएवढा दोर आहे. जाडी वेगळी, सगळं वेगळं.”

“जाडीनं यात फरक पडत नाही.”

“तुझ्या पुस्तकात पडत नसेल.”

“सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, म्हणतात ते उगाच नाही,” मुकादम दारातून म्हणाला.

“सुंभच जळू देत नाहीयेत, पिळाचं काय घेऊन बसलास,” आत्या म्हणाली आणि हात धुवायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला कारखान्याचं अंगण मोकळं केलं होतं. फळीवाल्यानं फळ्यांवर साबण असा चोळला होता की माशी बसली असती तरी खाली आली असती. वर मजल्यावर यंत्र दाराशी आणून ठेवलेलं, हिरव्या रंगाचं, डब्यांची झाकणं कापायचं, एखाद्या बसलेल्या बैलासारखं. त्याच्या कमरेचा पांढरा दोर सरळ खांबाकडे गेला होता. मुकादम आणि अधिकारी खाली अंगणात बाजूला. फळीवाला उताराच्या कडेला, यंत्र तिरकं व्हायला लागलं तर पाचर ठोकायला. पहारवाले यंत्रामागे. खांबापाशी आत्या एकटी. तिथून तिला यंत्राची पाठ आणि दाराचा उजेड दिसायचा. उतार दिसायचा नाही. बाकी सगळं मुकादमाच्या आवाजावर.

मुकादमानं वर येऊन वेढे मोजले होते. एक, दोन, तीन.

“आत्या, ती पाच म्हणाली होती.”

“तिला पेपर तपासू दे.”

त्यानं तिच्याकडे क्षणभर बघितलं आणि खाली गेला.

“घ्या,” खालून आवाज आला. पहारवाल्यांनी रेटलं. यंत्राचं नाक दाराबाहेर गेलं, मग पोट, आणि मग ते उतारावर झुकलं तशी दोरावरची सगळी ढिलाई एका झटक्यात संपली.

काथ्याचा दोर ओझं आलं की बोलतो. कुरकुरतो, चरचरतो, कुठं घासतोय, किती घासतोय ते सांगतो. आत्या चव्वेचाळीस वर्षं त्या बोलण्यावर काम करत आली होती. नायलॉन काहीच बोलला नाही. तो मुकाट्यानं खांबाभोवती फिरायला लागला.

तिनं ताणला. तो थांबला नाही. तिनं अंगाचा भार मागे टाकला, आणि तिच्या लक्षात आलं ते हातांनी नाही, पायांनी: बुटांचे तळवे फरशीवर सरकत होते. ती खांबाकडे ओढली जात होती. तीन फूट, मग अडीच. तिच्या समोरून पांढरा दोर वेढ्यांतून निघून दाराकडे पळत होता आणि दारातून यंत्राची पाठ बुडत चालली होती.

“आत्या,” खालून मुकादमाचा आवाज. “धर. धर ना.”

अशा वेळी माणूस मागे ओढतो. सगळेच ओढतात. आणि जितकं ओढावं तितके पाय सरकतात, आणि मग हात सोडून देतात. आत्यानं मागे ओढणं थांबवलं. खांबाकडेच ओढली जातेय ना, मग खांबाकडेच जायचं, पण सरळ नाही. दोर ताणलेला ठेवून ती खांबाच्या बाजूनं चालायला लागली, वेढ्याच्या दिशेनं.

पाव फेरी. हाताची ओढ जराशी उतरली. अर्धी फेरी. बूट फरशीला चिकटले. पुढं ताणलेला दोर आडवा होता, कमरेएवढ्या उंचीवर, खांबापासून दारापर्यंत, सतारीच्या तारेसारखा ताठ. ओझ्याच्या दोराखालून कुणी जायचं नाही, हा नियम टोळीत तिनंच घातलेला; एकदा गेला म्हणून फळीवाल्याला तिनं दोन दिवस घरी बसवलं होतं. ती वाकली, शेपूट छातीशी धरलं आणि त्या दोराखालून पलीकडे निघाली. उठून पाव फेरी आणखी. चौथा वेढा पुरा झाला.

दोर थांबला.

आता हातात राहिलं होतं ते वीसबावीस किलो असेल. जड, पण धरता येण्याजोगं. खालून काहीच आवाज येत नव्हता.

“मुकादम,” ती ओरडली. “थांबलंय का?”

उत्तर आलं. “थांबलंय.”

“फळीवाला कुठंय?”

“इथंच आहे. उडी मारली त्यानं. ठीक आहे.”

“सगळे लांब राहा. मी पाचवा घेते.”

पाचवा वेढा तिनं घाई न करता घेतला, आणि पुन्हा त्या दोराखालून जावं लागलं, तेव्हा मात्र नियम मोडल्याची लाज तिला पुरेपूर वाटली. पहिल्या वेळी फुरसत नव्हती. पाचव्या वेढ्यानंतर हातात नऊ किलो आले. जवळजवळ भरलेली बादली. तिनं ओळखलं, काल संध्याकाळी ती बादली बाल्कनीत लटकत होती.

मग पुढचा पाऊण तास काम जसं व्हायचं तसं झालं. मुकादम म्हणाला सोड, तिनं सोडलं. म्हणाला थांब, ती थांबली. मधे दोनदा तिनं आपणहून थांबवलं, कारण खांबाजवळ पेंट तापल्याचा वास यायला लागला होता आणि दोर हाताला गरम लागत होता. काथ्या तापला की धुरकटतो. नायलॉन तापला की वितळेल, एवढं तिला कुणी शिकवायला नको होतं. पहारवाल्याकडून तिनं ओलं फडकं मागवलं, आणि मग विचार करून ते लांब ठेवलं. ओला दोर खांबाला कसा धरेल, ते तिला माहीत नव्हतं. माहीत नसलेल्या गोष्टी एका दिवसात एकच पुरे. दोर आपोआप गार होईपर्यंत ती धरून उभी राहिली. शेवटी खालून धप्प असा बारीक आवाज आला, आणि हातातला दोर हलका झाला.

ती खाली उतरली तेव्हा यंत्र आपल्या जागी बसलं होतं, एक ओरखडा न येता. अधिकारी फॉर्म भरत होता.

“सुरुवातीला तो हिसका कसला होता?” त्यानं विचारलं. “चांगला हातभर घसरलं यंत्र.”

“फळीचा सांधा वर आला होता,” मुकादम पटकन म्हणाला. “त्यावरून उडालं. किरकोळ.”

फळीवाल्यानं मुकादमाकडे बघितलं, मग जमिनीकडे. फळ्या त्यानं टाकल्या होत्या. सांधा त्याचा. तो काही बोलला नाही, कारण तो बोलणाऱ्यातला नव्हता.

आत्यालाही गप्प बसता आलं असतं. मुकादमानं तिच्यासाठीच खोटं सांगितलं होतं, आणि ते खोटं टिकलं असतं. ट्रकमधलं बोलणं तिला अक्षरशः आठवत होतं: जरा जरी कमीजास्त झालं तर.

“फळी बरोबर होती,” ती म्हणाली. “वेढे मी कमी घेतले. या दोराला पाच लागतात, मी तीन घेतले.”

“आत्या,” मुकादम म्हणाला.

“काय आत्या. खरं तेच ना. घरी सांगितलं होतं, तूही वर येऊन सांगितलंस. ऐकलं नाही. दहा जणांसमोर तीन म्हणाले होते म्हणून तीन घेतले.”

अधिकाऱ्यानं पेन थांबवलं. “मग ते थांबलं कसं?”

“चालत गेले. खांबाभोवती.” तिनं हवेत बोटानं फेरी काढून दाखवली. “आणि ताणलेल्या दोराखालून दोनदा गेले, तेही लिहा. ते करायचं नसतं.”

“हे सगळं मला लिहावं लागेल.”

“मग लिहा ना. फळी खोडा आधी.”

त्यानं फळी खोडली. बराच वेळ लिहीत राहिला. शेवटी म्हणाला, “पुढच्या महिन्यात वरचं दुसरं यंत्र उतरवायचंय. तुम्हीच करणार असाल तर माझी अट आहे. आधी हलकं वजन लटकवून वेढे तपासायचे, माझ्यासमोर, आणि आकडा लिहून द्यायचा.”

“हरकत नाही,” आत्या म्हणाली, आणि फळीवाल्याकडे वळली. “आणि तू. तुझ्यावर आळ आला तर तोंड आहे ना तुला?”

“तुम्ही होतात,” फळीवाला म्हणाला.

ट्रकमध्ये पुन्हा तेच. सिग्नलला गाडी थांबली. आत्यानंच विषय काढला.

“विंच कधी आणतोस?”

“बघू.”

“बघू म्हणजे?”

“म्हणजे मी खाली उभा होतो,” मुकादम म्हणाला. त्याचे हात अजून स्टिअरिंगवर घट्ट होते. “यंत्र सुटलं तेव्हा मला वाटलं, संपलं. विंच असता आणि त्याचा ब्रेक गेला असता तर तो चालत जाऊन चौथा वेढा घेणार नव्हता. आणि ब्रेक गेला होता असं सांगणारही नव्हता.” मग तो म्हणाला, “पण तुझ्या तीनाचं कौतुकही मी करणार नाही. पायाखालची जमीन सरकली माझी.”

“माझी खरंच सरकली,” आत्या म्हणाली. “बुटांसकट.”

तो हसला नाही, पण हात सैल सोडले. “पुढच्या महिन्याचं ते काम होऊ दे. मग ठरवू.”

“ठरवू,” ती म्हणाली. पाठ थोपटण्यापेक्षा तिला हे बरं वाटलं. एक महिना हातात होता.

संध्याकाळी सूनबाई घरी आली तेव्हा वाळलेले आणि न वाळलेले कपडे खुर्च्यांवर, दारांवर, पंख्याच्या बटणावरसुद्धा लटकत होते. बाल्कनीत आत्या स्टुलावर बसलेली, समोर बादली, कठड्याला कपड्यांच्या दोरीचे वेढे. कारखान्यातल्या नायलॉनचा हातभर तुकडाही तिनं अधिकाऱ्याकडून मागून आणला होता. भिंतीवर खडूनं लिहिलेलं: काथ्या तीन. नायलॉन पाच. त्याखाली आणखी दोन ओळी, आकड्यांची जागा मोकळी. मुकादमानं ट्रक लावता लावताच बायकोला फोनवर सगळं सांगितलं असणार, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

“आत्याबाई, पळसाला पाच पानं फुटली म्हणे.”

“फुटली. तुझे कपडे लांब घे, ओले होतील.”

“ओले आहेतच ते. वाळायला घातले होते, या दोरीवर.”

“दोरी कामात आहे.”

सूनबाईनं पर्स खाली ठेवली. भिंतीवरच्या मोकळ्या जागा वाचल्या. पहिलीपुढे लिहिलं होतं ‘ओला नायलॉन’, दुसरीपुढे ‘राख लावलेला’. तिनं स्प्रिंगचा काटा उचलला आणि शेपटाला अडकवला.

“ओल्याचं पुस्तकात काय दिलंय?” आत्यानं विचारलं.

“पुस्तकात नाही दिलेलं.”

“मग बादली धर,” आत्या म्हणाली, आणि तांब्यातलं पाणी दोरीवर ओतलं.